बोक्याची नळी, विंचवाची गोळी

प्राझोसिन नावाची एक जुनी गोळी आहे. पनवेलसारख्या गावात ती विकत घ्यायला कोण कोण येत असेल याचा विचार केला तर चक्रावून जायला होतं. एखादे आजोबा ती रक्तदाबासाठी नेतात. आसपासच्या खेड्यातल्या एखाद्या दवाखान्याला ती कपाटात हवीच असते, कारण पेंढ्यात नाही तर लाकडांच्या ढिगाऱ्यात हात घालणाऱ्या कुणाला तरी विंचू चावतोच. आणि तिसरं गिऱ्हाईक नवीन पनवेलच्या किंवा कामोठ्याच्या एखाद्या सोसायटीतून येतं. त्याच्या हातात जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी असते आणि पेशंटच्या नावापुढे 'मन्या' लिहिलेलं असतं. मन्या बोका आहे आणि त्याची लघवी तुंबली होती.

माणसाचा रक्तदाब, विंचवाचं विष आणि बोक्याची लघवी या तिन्हींवर एकच रेणू कसा काय चालतो? खरं सांगायचं तर पहिल्या दोन ठिकाणी तो चालतो. तिसऱ्या ठिकाणी तो चालावा असं सगळ्यांना वर्षानुवर्षं वाटत होतं. हे वाटणं कुठून आलं आणि कुठं अडखळलं, ही गोष्ट मला औषधाच्या यशापेक्षाही जास्त रंजक वाटते.

आधी बोक्याची नळी पाहू. मूत्राशयातून निघताना ती सुमारे दोन मिलिमीटर रुंद असते. प्रोस्टेट ओलांडून पुढं जाता जाता ती चिंचोळी होते आणि शेवटच्या, लिंगातल्या भागात तिचा व्यास ०.७ मिलिमीटरवर येतो. भाटीची नळी आखूड आणि रुंद असते, म्हणून खर किंवा बारीक खडा तिच्यातून सहसा निसटून जातो. बोक्यात तो अडकतो. एकोणिसाव्या शतकात ज्याँ प्वाझय या फ्रेंच डॉक्टरनं बारीक नळ्यांतल्या प्रवाहाचा नियम शोधला. इतर सगळं तेच ठेवलं तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानं बदलतो. नळी निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. दोन मिलिमीटरवरून ०.७ वर आलं की तो पासष्टाव्या हिश्श्यापेक्षाही खाली जातो. हाच नियम उलट्या बाजूनं दिलासा देतो. नळी नुसती दहा टक्के सैल झाली तरी प्रवाह जवळजवळ दीडपट होतो. नळी सैल करणाऱ्या औषधाचा मोह डॉक्टरांना का पडला असेल, ते एवढ्यावरून कळतं.

त्यात बोक्याची लघवीही साधी नव्हे. घरातल्या मांजरांचा वंश पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातल्या रानमांजराशी जाऊन भिडतो, हे २००७ साली जनुकांवरून दाखवलं गेलं. अशा प्राण्याला पाणी शोधत हिंडणं परवडत नाही. मांजराचं मूत्रपिंड माणसाच्या दुपटीपेक्षा अधिक घट्ट लघवी करू शकतं आणि पाण्याचा मोठा वाटा शिकारीतूनच येतो. उंदरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ताज्या मासळीत त्याहून थोडं जास्त, आणि पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. दाणे खाणारं मांजर वाटीतलं पाणी पितं खरं, पण उणीव पुरती भरून काढत नाही. पनवेलच्या मासळीबाजारात कोळणींच्या पाटीखाली घुटमळणारा बोका आणि चौथ्या मजल्यावर जाळी लावलेल्या खिडकीत बसून दाणे खाणारा, नसबंदी झालेला, गुबगुबीत मन्या या दोघांत लघवी तुंबायचा धोका मन्याला जास्त. बोका घरात कोंडलेला असणं, त्याचं वजन वाढलेलं असणं आणि त्याचं कोरडं खाणं, ही तिन्ही कारणं अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढं येतात. (याचा अर्थ त्याला रस्त्यावर सोडा असा नाही. मुंबई-गोवा महामार्ग तिथून जातो.)

घट्ट लघवीत स्फटिक धरतात, सुजलेल्या मूत्राशयाच्या अस्तरातून प्रथिनं झिरपतात आणि दोन्ही मिळून चिकट, रेताड गाळ तयार होतो. तो नळीच्या टोकाशी बसला की सगळं थांबतं. काही वेळा तर गाळही नसतो आणि खडाही नसतो. नुसती सूज आणि आवळलेले स्नायू पुरे होतात.

घरच्यांना हे चटकन कळत नाही. बोका सारखा रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो. फोनवर डॉक्टरांना सांगितलं जातं, "दोन दिवस याला संडासला होत नाहीये हो, एरंडेल देऊ का?" आणि डॉक्टर एकच प्रश्न विचारतात, "काकू, ट्रेमधली रेती ओली होतेय का?" ती ओली होत नसेल तर पुढचं बोलणं रिक्षात बसून करायचं असतं.

आता टेबलावर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. डॉक्टर बोक्याच्या पोटाखालून हात घालतात. एरवी मऊ लागणारं मूत्राशय मुठीएवढा टणक गोळा झालेलं असतं. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या आसपास पडतात. पुरता तुंबलेला बोका मात्र गार, सुस्त असतो आणि त्याचे ठोके शंभराच्या खालीही गेलेले असतात. कारण पोटॅशियम. एरवी ते लघवीतून बाहेर जातं. ते रक्तात साठलं की हृदयाच्या पेशींची विजेची घडी विस्कटते. ईसीजीच्या पट्टीवर सुरुवातीची छोटी लाट पुसली जाते आणि शेवटची लाट उंच, टोकदार होते. आता डॉक्टर कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन शिरेतून सावकाश, काही मिनिटं घेऊन देतात. नजर पट्टीवर असते. सुई अजून आत असतानाच लाटा हळूहळू जागेवर यायला लागतात आणि ठोक्यांचा वेग वाढतो. आणि गंमत अशी की रक्तातलं पोटॅशियम या वेळी तसूभरही कमी झालेलं नसतं. कॅल्शियमनं फक्त हृदयाच्या पेशींना त्याच्या माऱ्यापासून अर्ध्या-एक तासापुरतं संरक्षण दिलेलं असतं. तेवढ्या वेळात ग्लुकोजबरोबर इन्शुलिन देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायचं, सलाईन लावायचं आणि बोक्याला गुंगी देऊन बारीक कॅथेटरनं नळी मोकळी करायची. हे झालं नाही तर बोका दोन-तीन दिवसांत दगावतो.

तुंबण मोकळी झाली की गोळ्यांचा प्रश्न येतो. इथं मला थोडं चिडायला होतं, कारण पुष्कळदा पहिली गोळी असते अँटिबायोटिकची. तरुण बोक्याच्या या दुखण्यात जंतू क्वचितच असतात. निम्म्याहून अधिक मांजरांत तर खडाही सापडत नाही आणि जंतूही नाही. मूत्राशय आपणहून सुजलेलं असतं. कारण कळत नाही अशा या सुजेला डॉक्टर 'इडिओपॅथिक सिस्टायटिस' म्हणतात. जंतूच नाहीत तर अँटिबायोटिक मारणार कुणाला?

दुसरी गोळी म्हणजे आपली प्राझोसिन. तिचं महत्त्व कळायला पनवेलहून महामार्गानं दक्षिणेला शंभर-सव्वाशे किलोमीटर, महाडला जावं लागतं. जिल्हा तोच, रायगड.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले. शिकले नागपूरला. कोकणातल्या लाल विंचवाशी त्यांची गाठ इथं पडली. विंचू चावलेलं पोर संध्याकाळी यायचं, घामानं निथळत, ओकत, हातपाय गार पडलेलं. रात्रीतून त्याच्या फुप्फुसांत पाणी भरायचं, तोंडाला फेस यायचा आणि पहाटेपर्यंत ते जायचं. पाठ्यपुस्तकात उपाय नव्हता. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करायला सुरुवात केली. कोणती लक्षणं आधी दिसली की पुढं हृदयावर येणार, हे त्यांनी त्या नोंदींतून हुडकलं. उलटी, दरदरून घाम, मुलांमध्ये लिंगाला येणारा ताठरपणा. १९८२ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरचं टिपण लंडनच्या त्या साप्ताहिकात येणं ही तेव्हा किती मोठी गोष्ट होती, ते आज ध्यानात येत नाही.

विंचवाचं विष स्वतः हृदय फोडत नाही. ते मज्जातंतूंच्या टोकांवरची सोडियमची दारं उघडी ठेवतं आणि त्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनालिन बदाबदा ओतलं जातं. आपण वाघ पाहिला तर शरीरात जे स्रवतं तेच, पण थांबतच नाही असं. हे नॉरअ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिन्यांभोवतीच्या स्नायूंना आवळायला लावतं. वाहिन्या चिमटल्या की रक्तदाब चढतो, आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय दमतं. स्नायूंवर नॉरअ‍ॅड्रेनालिनचा निरोप घेणारे जे रेणू असतात त्यांना अल्फा ग्राहक म्हणतात. १९४८ साली रेमंड अहलक्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानं अल्फा आणि बीटा अशी ग्राहकांची विभागणी सुचवली होती. निरोप देणारा तोच असला तरी पत्ता कुठला यावर परिणाम ठरतो, हे तेव्हापासून उमगू लागलं. प्राझोसिन अल्फा-१ या पत्त्यावर आधी जाऊन बसतं. मग निरोप कितीही आले तरी ते वाचणारं कुणी नसतं. वाहिन्या सैल पडतात आणि हृदयावरचा भार उतरतो.

रक्तदाबासाठी आलेली ही गोळी विंचवाच्या पेशंटला वाचवते, हे बावस्करांनी १९८६ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. महागडी यंत्रं नकोत, अतिदक्षता विभाग नको. गोळी तोंडातून द्यायची, पेशंटला आडवं ठेवायचं, रक्तदाब बघत राहायचं आणि काही तासांनी पुन्हा गोळी द्यायची. ज्या विंचूदंशात आधी दर तीन-चार गंभीर पेशंटांमागं एक जात होता, त्यात मृत्यू अगदी मोजके उरले. बावस्कर इथं थांबले नाहीत, हे मला विशेष वाटतं. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा अभ्यास आला. त्यात त्यांनी नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस अशी तुलना केली होती. जोडीनं दिलं तर पेशंट लवकर बरे होतात असं निघालं. ज्या गोळीनं नाव दिलं तीच अपुरी असल्याचं त्यांनी स्वतःच मोजून दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता बोक्याकडे परत येऊ. मूत्राशयाच्या तोंडाशी आणि नळीच्या वरच्या भागात जे स्नायू असतात त्यांच्यावरही हेच अल्फा-१ ग्राहक असतात. म्हणून तर पुरुषांना प्रोस्टेट वाढून लघवीला त्रास होतो तेव्हा याच घराण्यातल्या गोळ्या देतात. पूर्वी प्राझोसिन देत, आता बहुधा तिची धाकटी भावंडं. बोक्यालाही प्रोस्टेट आहे, स्नायू आहेत, ग्राहक आहेत. नळी आखडून आवळलेली आहे. आणि प्वाझयचा नियम सांगतो की थोडीशी सैल झाली तरी पुष्कळ. एवढं सगळं जुळल्यावर गोळी न देणंच अवघड. शिवाय मूत्राशयाची ही सूज येणाऱ्या मांजरांच्या रक्तात, विशेषतः ती ताणाखाली असताना, नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढलेलं सापडतं. म्हणजे विंचवानं एका रात्रीत उठवलेलं वादळ यांच्या अंगात बारीक स्वरूपात महिनोन् महिने चालू असतं. २०१३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, आधीपासून वापरात असलेल्या फिनॉक्सिबेन्झामिन या औषधापेक्षा प्राझोसिन घेतलेले बोके पुन्हा कमी तुंबले, असंही दिसलं. गोळीचा जम बसला.

पण त्या तुलनेत गोळीच न घेतलेले बोके मोजायचे राहिले होते. ते पुढं मोजले गेले. २०१७ सालच्या अभ्यासात गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बोक्यांत ठळक फरक दिसला नाही. २०२२ साली अमेरिकेतल्याच ३८८ बोक्यांच्या जुन्या नोंदी चाळल्या गेल्या, तर प्राझोसिन घेतलेल्यांत पुन्हा तुंबण्याचं प्रमाण चक्क जास्त निघालं. जुन्या नोंदींवरच्या अभ्यासाला मर्यादा असतात. डॉक्टरांनी जास्त बिकट बोक्यांनाच गोळी दिली असणंही शक्य आहे. तरीही ज्या गोळीचा तर्क इतका चोख होता तिच्याबद्दल अशी शंका यावी, हे धक्कादायकच.

यातला एक धागा शरीररचनेत सापडतो. आपल्या इच्छेविना चालणारे, अल्फा-१ ग्राहक असलेले गुळगुळीत स्नायू बोक्याच्या नळीच्या वरच्या टप्प्यात, म्हणजे मूत्राशयापासून प्रोस्टेटच्या आसपासपर्यंत दाट असतात. त्यापुढं हातापायांत असतात तसले पट्टेदार स्नायू लागतात, आणि टोकाच्या ०.७ मिलिमीटरच्या भागात तर स्नायूंचा जोर फारसा नसतोच. बेशुद्ध बोक्यांच्या नळीत ठिकठिकाणी दाब मोजला तेव्हाही हेच दिसलं. प्राझोसिननं वरचा दाब उतरतो, खालचा नाही. तुंबण बहुतेक वेळा खाली असते. गोळी इमानदारीनं आपल्या पत्त्यावर पोहोचते, पण दुखणं दुसऱ्या गल्लीत राहतं. महाडच्या पोराच्या बाबतीत असं होत नव्हतं, कारण तिथं दुखणं आणि ग्राहक दोन्ही एकाच रक्तवाहिनीच्या भिंतीत होते.

इतर गोळ्यांची कथा थोडक्यात सांगतो. नैराश्यावरची अ‍ॅमिट्रिप्टिलिन थोड्या दिवसांसाठी देऊन पाहिली, फायदा दिसला नाही. मूत्राशयाचं अस्तर दुरुस्त होईल म्हणून ग्लुकोसामिन दिलं. २००४ साली ब्रिटनमध्ये छापून आलेल्या चाचणीत काही मांजरांना ते दिलं आणि काहींना नुसती, औषध नसलेली कॅप्सूल. दोन्ही गटांतली बरीचशी मांजरं सुधारली. त्या काळात अनेक मालकांनी दाण्यांऐवजी ओलं खाणं सुरू केलं होतं आणि मांजरांची लघवी पातळ झाली होती. चाचणी औषधाची होती आणि नंबर पाण्याचा लागला. स्ट्रुव्हाइट जातीचा खडा असेल तर खास खाण्यानं तो काही आठवड्यांत विरघळतोही. ऑक्झलेटचा मात्र विरघळत नाही. म्हणून मुतखड्यावरचं कुठलं तरी सिरप आणून पाजण्याआधी खडा कसला आहे ते पाहणं बरं.

उपयोगी पडतात ती वेदना आणि भीती घालवणारी औषधं. २०१० साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एडवर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग छापला. मालकांना कॅथेटर आणि त्यानंतरचा दवाखान्यातला मुक्काम परवडत नव्हता अशा पंधरा बोक्यांत त्यांनी कॅथेटर घातलाच नाही. वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन, घबराट शमवायला अ‍ॅसेप्रोमाझिन आणि मेडेटोमिडिन दिलं, सुईनं मूत्राशय रिकामं केलं आणि बोक्यांना कुत्र्यांच्या भुंकण्यापासून लांब, अंधाऱ्या जागी ठेवलं. पंधरापैकी अकरा बोके आपलं आपण मुतले. उरलेल्या चौघांचं जमलं नाही, त्यामुळे परवडत असेल तर कॅथेटरच पहिला. पण ०.७ मिलिमीटरच्या नळीत अडकलेला बोळा वेदनाशामकानं आणि शांततेनं सुटावा, हे वाचून मी तो आकडा पुन्हा तपासला होता. त्याच विद्यापीठातले टोनी बफिंग्टन तर सांगत आले की हे दुखणं मूत्राशयापुरतं नाहीच. २०११ साली त्यांनी त्याला 'पँडोरा सिंड्रोम' म्हटलं. त्यांच्या उपायांत बोक्याला चढायला उंच जागा, लपायला खोका, जास्तीचा ट्रे आणि खेळ यांना औषधाइतकंच स्थान आहे.

वेदनाशामक म्हटल्यावर घरातल्या डब्याकडे हात जातो, आणि इथं मात्र जीवावर बेततं. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते. आपलं यकृत ज्या विकराच्या मदतीनं ती निकामी करतं, त्याचा जनुक मांजरात मोडका आहे. तो नुसत्या मन्यातच नाही, तर वाघ-सिंहांसह अख्ख्या मार्जारकुळात मोडका आहे. फक्त मांस खाणाऱ्याला झाडपाल्यातली विषं पचवायची गरज नव्हती, म्हणून लाखो वर्षांत तो गंजला असावा. माणसाची लघवीची जळजळ थांबवणारी, लघवी केशरी करणारी फेनाझोपायरिडिनची गोळीही तशीच घातक. तिनं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

आणि सगळं करूनही बोका पुन्हा पुन्हा तुंबत राहिला तर शेवटी शस्त्रक्रिया उरते. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या जागी, म्हणजे १८८६ सालापासून जनावरांचे डॉक्टर घडवणाऱ्या संस्थेत, ती शिकवली जाते आणि आता पनवेलजवळही करणारे सर्जन आहेत. तीत लिंगासह नळीचा चिंचोळा शेवट कापून टाकतात आणि वरचा रुंद भाग बाहेर आणून कातडीला शिवतात. बोका मग भाटीसारखा मुततो. कापून टाकला जातो तो प्राझोसिन पोहोचत नव्हतं तोच तुकडा. ज्या तुकड्यावर त्या गोळीचा परिणाम होतो तो मागं राहतो, पण त्याला आता सैल करायची गरज उरलेली नसते.